स्प्रिंग आवळण्याआधी बुरकुंड बघा: जुनं मका सोलणी यंत्र पुन्हा पुन्हा का अडकतं

जुनं मका सोलणी यंत्र हौसेने दुरुस्त करून लोकांना चालवून दाखवणाऱ्यांची तक्रार दरवेळी जवळपास सारखीच असते. यंत्र सोडवून, गंज काढून, रंग देऊन झालं. शेडमध्ये फिरवून पाहिलं तेव्हा झकास चाललं. प्रात्यक्षिकाच्या दिवशी माणसं गोळा झाली, पहिली दोन-चार कणसं नीट सुटली आणि मग एक कणीस तोंडात असं रुतलं की हँडल जागच्या जागी थांबलं. ते सोडवलं, पुन्हा सुरू केलं, तर आता बुरकुंड, म्हणजे दाणे काढल्यावर उरणारा कणसाचा दांडा, बाहेर पडतंय पण निम्मे दाणे त्याला तसेच चिकटलेले. म्हणून कणसावरचा दाब ठरवणाऱ्या स्प्रिंगचा नट दोन आटे आवळला. मग बुरकुंडाचे तुकडे पडायला लागले, तुकडे दाण्यांत आणि चाळणीत गेले, अडकणं वाढलं. नट आणखी आवळला. संध्याकाळपर्यंत स्प्रिंग पार दबून बसलेली असते आणि यंत्र सकाळपेक्षा वाईट चालत असतं.

हे सगळं कणीस घालायला एक किंवा दोन तोंडं असलेल्या स्प्रिंगवाल्या यंत्रांबद्दल आहे, मग ते हँडलने फिरणारं असो वा इंजिनच्या पट्ट्यावर. पेटीच्या कडेला बसवायचं लहान यंत्र, उदाहरणार्थ टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलच्या ए. एच. पॅच कंपनीचं ‘ब्लॅक हॉक’, त्यालाही बहुतेक गोष्टी लागू पडतात. मोठ्या सिलिंडरवाल्या यंत्रांचं तंत्र वेगळं: तिथे कणसं जाळीदार पिंजऱ्यात एकमेकांवर घासून सुटतात, त्यांचे आजारही निराळे. ते इथे घेत नाही.

माझं सरळ म्हणणं असं की स्प्रिंगला हात सगळ्यात शेवटी लावायचा. बहुतेक वेळा दोष कणसात असतो, नाहीतर यंत्र जमिनीवर कसं बसलंय त्यात असतो, नाहीतर आपणच दिलेल्या रंगात असतो. स्प्रिंग आवळल्याने यातलं काहीच दुरुस्त होत नाही, फक्त झाकलं जातं.

आत काय चालतं

दातेरी फिरत्या भागांमधून कणीस ओढून दाणे काढायची कल्पना कनेक्टिकटच्या लेस्टर डेनिसन यांनी १८३९ मध्ये पेटंट केली. पुढच्या शंभर वर्षांत अनेक कारखान्यांनी ती आपापल्या परीने घडवली, पण स्प्रिंगवाल्या यंत्रांचा गाभा फारसा बदलला नाही. तोंडातून सरकलेल्या कणसाच्या एका बाजूला उभी दातेरी चकती फिरते, ती दाणे उपटते. समोर तिरक्या दात्यांचं लहान चाक असतं. ते कणसाला स्वतःभोवती फिरवतं आणि पुढे ओढतं. तिसऱ्या बाजूने बिडाची एक दाबपट्टी, मॅन्युअलमध्ये जिचं नाव रॅग आयर्न, कणसाला या दोघांवर टेकवून धरते. ही पट्टी स्प्रिंगवर तरंगते, म्हणजे जाड कणसाला मागे सरकते, बारीक कणसाला पुढे येते.

उपटणं, फिरवणं, टेकवून धरणं ही तीन कामं वेगवेगळे भाग करतात, आणि कोणतं काम होत नाहीये ते बुरकुंडावर स्पष्ट उमटतं. म्हणून अडचण आली की पान्याआधी बुरकुंडांचा ढीग हातात घ्या.

बुरकुंड काय सांगतं

लांबीच्या दिशेने एकाच बाजूला दाण्यांची पट्टी उरली असेल, बाकी बुरकुंड स्वच्छ असेल, तर कणीस फिरलंच नाही, नुसतं सरळ ओढलं गेलं. दाब वाढवून ते फिरणार नाही. तिरक्या चाकाकडे बघा: दाते झिजलेत का, चाक शाफ्टवर सैल आहे का, चाकाला शाफ्टवर पक्कं धरणारी चावी किंवा पिन तुटून ते मागे राहतंय का. हे सगळं हाताने कळतं. चकती धरून ठेवा आणि तिरकं चाक मागेपुढे हलवा, गिअरच्या दात्यांमधली थोडी मोकळीक सोडता ते हलता कामा नये.

फक्त निमुळत्या टोकाला दाणे राहत असतील तर पट्टी पुरेशी पुढे येत नाहीये. तिला अडवणारा बोल्ट, गंज, रंग किंवा अडकलेला तुकडा शोधा. फक्त जाड बुडाशी राहत असतील तर बहुधा कणीस उलटं घातलं जातंय किंवा ते ओलं आहे. निमुळतं टोक आधी घालायचं, म्हणजे पट्टीला हळूहळू मागे सरायला वाव मिळतो. प्रात्यक्षिकात मुलांच्या हाती कणसं दिली की ही गोष्ट हमखास विसरली जाते.

बुरकुंड दोन-तीन तुकड्यांत येत असेल तर दाब जास्त आहे किंवा ते ओलं-कुजकं आहे. तुकडा मोडून बघा. कोरडं बुरकुंड कडकन मोडतं आणि आत पांढरं, हलकं दिसतं. ओलं वाकतं, पिळवटतं आणि धाग्यांनी लोंबतं.

बुरकुंड अख्खं आहे पण अंगावर खोल ओरखडे, आणि खाली दाण्यांत लालसर चुरा? म्हणजे दाणे निघून गेल्यावरही दाते बुरकुंड खात बसलेत. तिथे दाब कमी करायला हवा. यंत्र ‘साफ सोलतंय’ म्हणून माणसं खूश असतात, पण हे साफ सोलणं नव्हे.

दाणे फुटत असतील तर वेग तपासा, आणि नुकतंच कुणी दात्यांना कानस लावलीय का तेही विचारा. दाते टोकदार करायची हौस अनेकांना असते. मूळ दाते बोथट गोलसरच असतात. त्यांचं काम दाण्याला बाजूने रेटून मुळातून सोडवायचं, त्याला कापायचं नाही.

कणीस

इथे मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण या दोषाकडे कुणी बघतच नाही.

ही यंत्रं ज्या मक्यासाठी बनली तो मका शेतात कणसासकट तोडला जायचा आणि हवेशीर फळ्यांच्या किंवा जाळीच्या कणगीत महिनोन्महिने वाळायचा. सोलायची वेळ यायची तेव्हा दाणा आणि बुरकुंड दोन्ही खडखडीत झालेले असायचे. १९५४ मध्ये जॉन डिअर कंपनीने कंबाइनला (कापणी-मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राला) मका तोडणारं हेड लावून बाजारात आणलं, आणि त्यानंतर अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यातला मका शेतातच दाणे होऊन बाहेर पडू लागला. आज तिथे कणीस मिळवायचं तर बहुधा मुद्दाम हाताने तोडावं लागतं. मग काय होतं, प्रात्यक्षिकाच्या आठवडाभर आधी कुणीतरी शेतातून पोतंभर कणसं आणून देतं. वरून पिवळीधमक, टणक दिसतात. पण दाण्यात वीस-पंचवीस टक्के ओल असते आणि बुरकुंडात त्याहूनही जास्त. अशा कणसात दाण्याचं मूळ बुरकुंडाला घट्ट धरून असतं. दाते ते उपटू शकत नाहीत, मग चिरडतात; मऊ बुरकुंड दात्यांत रुततं आणि फिरायचं थांबतं. वर लिहिलेली सगळी लक्षणं एकाच पोत्यातून निघतात, आणि माणूस यंत्र खोलत बसतो.

ओल पंधरा टक्क्यांच्या आसपास किंवा खाली हवी. ओलमापक नसेल तर मिठाची जुनी युक्ती चालते: पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश दाणे, त्यात चमचा-दोन चमचे कोरडं मीठ, झाकण लावून काही मिनिटं हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. काचेला मीठ चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे. मीठ मोकळंच राहिलं तर ठीक. याहून सोपी परीक्षा अंगठ्याची. कणसाच्या मधोमध एक ओळ अंगठ्याने रेटा. पहिला दाणा कष्टाने निघेल, पण जागा झाल्यावर शेजारचे पटापट सुटायला हवेत. अंगठा दुखायला लागला तर यंत्राचीही तीच गत होणार.

मीठ दाण्याचीच ओल दाखवतं, बुरकुंडाची नाही. वाळलेलं बुरकुंड ओल झपाट्याने शोषतं. रात्रभर उघड्यावर, दवात राहिलेलं पोतं सकाळी वेगळंच वागतं. पहिल्या दिवशी दुपारी सुरळीत चाललेलं यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी अडकायला लागलं, तर आधी पोतं रात्री कुठे होतं ते विचारा. उलट टोकही आहे: तापवून फाजील वाळवलेल्या कणसाचे दाणे टिचतात. जाळीच्या पोत्यात, सावलीत, वारा लागेल असं टांगून ठेवणं बरं.

सालं आणि कणसाचे केस पूर्ण काढा. चारदोन सालं राहिली तर काय होतं, असं वाटतं. ती शाफ्टभोवती गुंडाळतात, बेअरिंगच्या तोंडाशी दोरखंडासारखी आवळून बसतात आणि यंत्र हळूहळू जड होत जातं. ते इतकं सावकाश होतं की कुणाच्या लक्षात येत नाही.

स्वीट कॉर्नची वाळलेली कणसं वापरू नका, त्यांचे दाणे सुरकुतून चपटे होतात आणि दात्यांना धरायला काही उरत नाही. पॉपकॉर्नची कणसं बारीक असतात. पट्टी तेवढी पुढे येत नसेल तर ती दाण्यांसकट सरळ पार होतात. एकाच पोत्यात जाड आणि बारीक कणसं मिसळलेली असतील तर कोणतीच सेटिंग धड लागणार नाही, आधी निवडून घ्या. काळी-हिरवी बुरशी आलेली कणसं बाजूला टाका. बुरशीची धूळ यंत्राच्या भुसा उडवणाऱ्या पंख्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जाते, आणि ते दाणे जनावरांना घालण्याच्याही लायकीचे नसतात.

शेडमध्ये चालतं, मैदानावर अडकतं

कणसं चांगली आहेत तरी असं होत असेल तर यंत्र कुठे उभं आहे ते बघा. जुन्या यंत्रांचा सांगाडा लाकडी, बोल्टने आवळलेला. शेडच्या सपाट फरशीवर चारही पाय टेकतात. गवतावर एक पाय खड्ड्यात जातो, सांगाडा पिळतो, आणि दोन बाजूंच्या बेअरिंगा एका रेषेत राहत नाहीत. शाफ्ट कडक होतो, चकती आणि तिरकं चाक यांच्यातलं अंतर बदलतं. मोकळं यंत्र हाताने फिरवलं तर एका फेरीत कुठेतरी जड, कुठेतरी हलकं लागतं. तेव्हा चकतीकडे न बघता पायांकडे बघा आणि लाकडी पाचर ठोकून चारही पाय टेकवा. फिरवता फिरवता एकेक पाय थोडा उचलून पाहिलात तर कोणत्या पायाने यंत्र हलकं होतं ते लगेच कळतं.

नवं लाकूड घातलं असेल तर आणखी एक गोष्ट: ते एका उन्हाळ्यात सुकतं, आकसतं, आणि आडवे बोल्ट सैल होतात. मग यंत्र चालताना सगळा सांगाडा श्वास घेतल्यासारखा हलतो. हंगामाच्या सुरुवातीला सगळे आडवे बोल्ट एकदा आवळायचे, तेही शाफ्ट हाताने फिरवत फिरवत. जिथे जड झाला तिथे थांबायचं.

शाफ्ट स्वतःच्या लांबीत मागेपुढे किती सरकतो तेही तपासा. टोकाशी पातळ वॉशर असतात, आणि यंत्र सोडवताना हेच हरवतात किंवा ‘जास्तीचे’ म्हणून डब्यात राहतात. ते नसले की चकती बाजूला सरकते, कणसासाठीची फट एका फेरीत अरुंद, दुसऱ्या फेरीत रुंद होते. सोडवताना प्रत्येक वॉशरचा फोटो काढून ठेवावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. फार थोडे ऐकतात.

तेलाची भोकं उघडी आहेत ना, हे तारेने टोचून बघा. वरून तेल ओतलं म्हणजे ते शाफ्टपर्यंत गेलं असं नाही. जुनं ग्रीस दगडासारखं बसलेलं असतं, कधी कुंभारमाशीने घर केलेलं असतं.

रंगाने केलेला घोटाळा

नव्याने रंगवलेलं यंत्र न रंगवलेल्यापेक्षा जास्त अडकतं, हे अनुभवाने कुणीही मान्य करेल. कारण साधं आहे. दाबपट्टी एका पिनेवर झुलते. त्या पिनेवर, पट्टीच्या कडांना आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रंग किंवा पावडर कोटिंग बसलं की पट्टी तरंगायची थांबते. जाड कणीस आलं की मागे सरकत नाही, म्हणून अडकतं. मागे गेलीच तर पुढे परतत नाही, म्हणून पुढच्या बारीक कणसाचे दाणे राहतात. एकाच दोषाची दोन विरुद्ध लक्षणं, त्यामुळे माणूस गोंधळतो आणि नट कधी आवळतो, कधी सैल करतो.

चाचणी अशी: यंत्र पूर्ण बंद, पट्टा उतरवलेला, हँडल बांधलेलं. लाकडी काठीने पट्टी मागे रेटा आणि सोडा. टक् आवाज करत ती झटकन पुढे यायला हवी. हळूहळू, सरपटत आली तर पिन काढा, कापडी पॉलिश पेपरने पिन आणि भोक घासा, पातळ तेल द्या. तिथे जाड ग्रीस नको, त्यात भुसा बसून लगदा होतो.

दात्यांवर आणि कणीस जिथे जिथे घासतं त्या भागांवर रंगच देऊ नका. वर्षानुवर्षांच्या मक्याने ते भाग आरशासारखे गुळगुळीत केलेले असतात, आणि ती झिलई हाच यंत्राचा खरा ऐवज. सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूच्या माऱ्याने, ती एका तासात जाते. खडबडीत लोखंड बुरकुंडाला धरून ठेवतं. गेली असेलच तर वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, आणि मग प्रेक्षक नसताना दोन-चार पोती कोरडा मका. बाकी मका स्वतः करतो. हंगाम संपल्यावर या भागांवर तेलाचा हलका हात फिरवा, नाहीतर गंजाचे खड्डे पडून पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

वेग, पट्टा आणि फ्लायव्हील

फ्लायव्हीलमध्ये (शाफ्टवरच्या जड चाकात) साठणारी ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की ताकद चौथाईवर येते. हँडलवर दमलेला माणूस किंवा लहान मूल असेल तर यंत्र अडकतं ते यामुळेच. दोष शोधू नका, माणूस बदला. आधी यंत्र वेगात येऊ द्यायचं, मग कणीस घालायचं, आणि पहिलं अर्धं आत गेल्याशिवाय दुसरं नाही.

इंजिनवर चालवताना हिशेब सोपा: इंजिनच्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे, भागिले यंत्राच्या पुलीचा व्यास. मिनिटाला ५०० फेरे घेणाऱ्या इंजिनवर ६ इंची पुली असेल आणि यंत्रावर १२ इंची, तर यंत्राची पुली २५० फेरे घेईल. ओतीव भागावर किंवा मॅन्युअलमध्ये वेग दिलेला असेल तर तोच वरची मर्यादा समजा. शंभर वर्षांचं बीड आहे. फिरण्याची दिशा उलटी असेल तर पट्ट्याला आठच्या आकड्यासारखा पीळ द्या.

सपाट पट्टाच वापरा, आणि तो ताणून तारेसारखा करू नका. कणीस अडकलं की तो घसरला पाहिजे. ती तुमची एकमेव सुटका आहे. व्ही-पट्टा आणि इलेक्ट्रिक मोटर जोडलेल्या यंत्रांत पट्टा घसरत नाही, म्हणून दाते किंवा गिअर तुटतो. बीड ठोकून सरळ होत नाही आणि घाईघाईच्या वेल्डिंगने तडा शेजारी सरकतो. वेल्डिंगचा निकेल रॉड, आधी तापवणं आणि सावकाश थंड होऊ देणं, किंवा पितळेचं ब्रेझिंग, हे करणारा माणूस शोधावा लागतो.

अडकलेलं कणीस काढताना

इंजिन बंद. पट्टा उतरवा. फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या, मग उलटं फिरवून कणीस मागे घ्या. बोटं तोंडात कधीच घालायची नाहीत, हँडलचं यंत्र असलं तरी नाही, कारण अडकलेलं कणीस सुटलं की दबलेली स्प्रिंग आणि फ्लायव्हील मिळून अर्धी फेरी आपोआप मारतात. आत न जाणारं कणीस हाताने नव्हे, दुसऱ्या कणसाने रेटा. हातमोजे घालू नका, दाते कापड आधी पकडतात. प्रेक्षकांची दोरी पट्ट्याच्या रेषेत येणार नाही अशी बांधा.

आणि मग स्प्रिंग

एवढं सगळं ठीक असेल तरच. नट सैल करत न्या, पट्टी जेमतेम टेकेल इतका. एक सरासरी जाडीचं कोरडं कणीस घाला. दाणे राहिले तर अर्धा आटा आवळा, पुन्हा एक. बुरकुंड अख्खं आणि स्वच्छ आलं की थांबा आणि नटाबाहेर उरलेल्या आट्यांची लांबी मोजून लिहून ठेवा. टोकाशी एखादा दाणा राहिला तर राहू द्या. मूळ स्प्रिंग हरवून हार्डवेअरमधली जाड तारेची स्प्रिंग घातली असेल तर मात्र कितीही जुळवा, बारीक कणसाला दाब कमी पडेल आणि जाड कणसाला अतोनात. लांब आणि मऊ स्प्रिंग हवी.

दाणे बुरकुंडाबरोबर वाया जातायत का, हे नजरेवर सोडू नका, तराजूवर बघा. अमेरिकेत कणसासकट मक्याचं बुशेल (धान्याचं तिथलं माप) ७० पौंडांचं आणि सोललेल्याचं ५६ पौंडांचं धरतात, म्हणजे वजनाचा पाचवा हिस्सा बुरकुंड. कोरडी १० किलो कणसं घाला, खाली ८ किलोच्या जवळपास दाणे हवेत. सात भरले तर एकतर बुरकुंडावर राहतायत किंवा पंखा दाणेसुद्धा उडवतोय. पंख्याची झडप थोडी बंद करून पुन्हा तोला, लगेच कळेल.

दोन तोंडांचं यंत्र असेल तर तुमचं काम आणखी सोपं आहे, कारण तुलना शेजारीच उभी असते. डावं तोंड नीट आणि उजवं अडकतंय असं असेल तर आधी कणसांची पोती अदलाबदल करा. दोष पोत्याबरोबर गेला तर यंत्र बंद करून कणसं वाळवायला टाका. तसं नसेल तर दोन्हींच्या स्प्रिंगा अदलाबदल करा, नट मोजलेल्या लांबीवर ठेवून. दोष स्प्रिंगबरोबर डावीकडे गेला तर स्प्रिंग बदला. उजवीकडेच राहिला तर पिन, तिरकं चाक, वॉशर, याच क्रमाने.